शेणाचं विरजण

दही लावणाऱ्या कितीतरी बायकांना मी नोकरीची पहिली काही वर्षं एक चुकीची गोष्ट सांगत हिंडले. मुद्दाम नव्हे. कॉलेजात मला तशीच शिकवली होती, आणि मी ती पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर जशीच्या तशी पोचवली. आता निवृत्त होऊन बरेच दिवस झाले. गुडघे बोलतात, घरी सिलिंडर आहे, मला कुणी बोलावत नाही. तरी कुणाच्या परसात शेणाच्या टाकीचा घुमट दिसला की मी आत शिरते आणि शेगडी पेटवून बघते. नवरा म्हणतो, "मंदा, तुला कुणाकडे पाहुणी म्हणून नेणंच चूक आहे." बरोबर आहे त्याचं. मला स्वस्थ बसता येत नाही. ही खोड नोकरीने लावली, आणि नोकरीतही एका टाकीने.

माझं पद गोबरगॅस पर्यवेक्षिका. नव्वदच्या दशकात एका संस्थेने मला घेतलं. महाडच्या कॉलेजातून मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. आमच्या घरात पदवी पाहिलेली मी पहिलीच. ती चौकटीत घालून भिंतीवर लावली तेव्हा खिळा ठोकायलाही घरात कुणी धजेना; काच फुटेल म्हणून. वडील मुंबईला गोदीत होते. नोकरीचं कळल्यावर सुट्टीत आले आणि म्हणाले, "पोरी, शेणच कालवायचं होतं तर आपला गोठा काय वाईट होता?" मी म्हटलं, "गोठ्यात हजेरीपट नाय, बाबा." ते हसले, पण मला ते लागलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मी वाडीवर जाताना इस्त्रीची साडीच नेसत होते, शेणात हात घालायचा असला तरी.

ज्यांनी गोबरगॅस पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत विटांची एक टाकी बांधायची, वर घुमट. एका तोंडाने शेण आणि पाणी निम्मंनिम्मं कालवून सोडायचं, दुसऱ्या तोंडाने कुजून संपलेली रबडी बाहेर येते, ती शेताला खत. घुमटाखाली वायू साठतो, तो नळीने स्वयंपाकघरात शेगडीला. टाकीत हवा जाता कामा नये. बाकी सगळं काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. दोन टोळ्या असतात. पहिली टोळी शेणातलं जाड-भरड तोडते आणि त्याची आंबट द्रव्यं करते. दुसरी टोळी ती आंबट द्रव्यं खाते आणि मिथेन सोडते. जळतो तो मिथेन. पहिली टोळी चपळ, काहीही खाते, कशातही जगते. दुसरी नाजूक आणि सावकाश. पहिलीने जास्त आंबट केलं की दुसरी कामच थांबवते. मग वायू तर भरपूर येतो, पण तो जळत नाही. काडी लावली की काडीच विझते.

दोन्ही टोळ्यांना आमच्या पुस्तकात एकच नाव होतं: जिवाणू. एकीला आम्ल करणारे जिवाणू म्हणायचं, दुसरीला मिथेन करणारे जिवाणू. परीक्षेत मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते.

आता वाडीवरच्या बाईला हे कसं सांगायचं? नवी टाकी भरली की तिच्यात चालू टाकीतली थोडी रबडी आणून घालावी लागते, म्हणजे दोन्ही टोळ्या आत पोचतात. मी म्हणायला लागले, "हे विरजण." बायका लगेच मान डोलवायच्या. इतका सोपा शब्द सापडला म्हणून मी स्वतःवर खूश होते. आमच्या साहेबांनीही तो उचलला, माहितीपत्रकात छापला. पोलादपुरात एका दुकानदाराने डास होतात म्हणून टाकीत फिनेल ओतलं, तेव्हा मी त्याला भर दुकानात विचारलं, "दह्यात फिनेल घालाल का हो?" गिऱ्हाइकं हसली. पुन्हा त्याने फिनेलला हात लावला नाही. असा तो शब्द उपयोगी पडत होता, तोवर.

कापडे गावाच्या एका वाडीवर जानकीवहिनी राहायची. नवरा मुंबईत एका दुकानात कामाला, ही इथे सासरे गोविंदतात्या, चार गुरं आणि भाताची शेती सांभाळून. वय तिशीचं, पण डोळे म्हातारीसारखे लाल, सदा पाणी गळणारे. पावसाळ्यात ओली लाकडं, आणि स्वयंपाकघराला खिडकी म्हणून हाताच्या पंजाएवढं भोक. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुरापासून लांब राहा. ती मला म्हणाली, "बाय, डाक्टर म्हनतो धुरापासून लांब ऱ्हा. मी म्हनलं, चूल तुमी फुकणार का?"

टाकीसाठी तिने सासऱ्यांशी भांडून परसातली जागा मिळवली होती. तात्यांना तिथे गवताची उडवी रचायची होती. परसात त्यांनी गडग्यासाठी, म्हणजे दगडी कुंपणासाठी, धोंड्यांचा ढीग करून ठेवला होता आणि तो दाखवून ते मला म्हणायचे, "शेणाची मास्तरीण, धोंडे तयार हायत हां. नाय पेटली तर खड्डा बुजवायला लांबून आणायला नको." वाडीतली आणखी पाच घरं कुंपणावरून बघत होती. जानकीची पेटली तर ती घेणार, नाही पेटली तर कुणी नाही.

पावसाच्या आधी टाकी बांधून झाली. चार गुरांच्या शेणाने ती भरेपर्यंत आषाढ सरत आला. विरजण मी महाडजवळच्या एका मावशींच्या टाकीतून दुधाच्या दोन कॅनमध्ये भरून एसटीने नेलं. कंडक्टरने विचारलं, "बाई, कॅनमध्ये काय?"

"विरजण."

त्याने झाकणाजवळ नाक नेलं आणि मागे घेतलं. "कसलं?"

"शेणाचं."

"आता याला लगेज कसलं लावू? दुधाचं की जनावराचं?"

मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, माणसाचं तिकीट फाड, ते पोलादपूरपर्यंत बोलायला लागंल!" सगळी गाडी हसली. मीही हसले. सगळ्यांच्या नाकांनी मात्र पोलादपूरपर्यंत शिव्या दिल्या.

विरजण टाकलं, ढवळलं, झाकण चिखलाने लिंपलं. वहिनीला म्हटलं, "तीन आठवडे थांबायचं. हे विरजण लागतंय असं समज. रोज थोडं थोडं शेण घाल." आणि मी दुसऱ्या गावांना गेले. हे "असं समज" मी किती सहज म्हटलं, ते नंतर कळलं.

तीन आठवड्यांनी आले. नळीला जोडलेल्या काचेच्या नळीतलं पाणी चांगलं वर चढलेलं. म्हणजे आत वायूचा दाब आहे. वहिनी हात पुसत हसत उभी, तात्या ओट्यावर, कुंपणापलीकडे पाच घरं. मी शेगडीची चावी सोडली, काडी लावली. विझली. दुसरी लावली. विझली. पहिला वायू कधीकधी जळत नाही, म्हणून तो सगळा सोडून दिला आणि चार दिवसांनी परत आले. पुन्हा काडी विझली. आगपेटी संपली तरी काही नाही. तात्या म्हणाले, "गो मास्तरीण, आग लावायला येते का विझवायला?"

मी बाहेरच्या तोंडाशी गेले आणि रबडीचा वास घेतला. चालू टाकीच्या रबडीला फारसा वास नसतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. इथे आंबट भपकारा आला. पर्समधून निळा लिटमस काढून बुडवला. लाल झाला. टाकी आंबली होती.

"वहिनी, शेणाखेरीज काय घातलंस?"

तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लपवायचं कशाला? तिने सगळं माझ्या शब्दाला धरूनच केलं होतं. विरजण लागताना भांडं हलवत नाहीत, म्हणून तिने टाकी एकदाही ढवळली नव्हती. लागणाऱ्या दह्यात वरून दूध ओतत नाहीत, म्हणून शेण घालायचं बंद केलं होतं. आणि विरजण कमी पडलं की दही लागत नाही, म्हणून रोज सकाळी एक कळशी आंबट ताक टाकीत ओतत होती. स्वतःच्या घरचं संपलं की शेजारणीकडून मागून आणत होती. शिवाय उरलेली पेज, कारण पेजेने ताक लवकर आंबतं. इतक्या मनापासून कुणी गोबरगॅसची सेवा केलेली मी पुढे कधी पाहिली नाही.

पहिल्या टोळीला तिने मेजवानी घातली होती. दुसरी टोळी आंबटात गुदमरून बसली होती.

तात्या उठून आले. "काय झालं? कोणी वाट लावली?"

मी तोंड उघडलं. "विरजण" हा शब्द कुणाचा, हे त्या अंगणात दोघींनाच माहीत होतं. वहिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तात्यांकडे वळून म्हणाली, "मीच ताक वतलं, मामंजी. माजंच चुकलं."

मी तोंड मिटलं.

तात्या तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पाच घरं ऐकत होती. शेवटी म्हणाले, "गौर जेवेपर्यंत बघतो. चाकरमानी येतील, त्यांच्यासमोर हसं नको. गौरीच्या जेवणाला पेटली तर ऱ्हाऊ दे. नाय तर दुसऱ्या दिशी धोंडे."

गौरी जेवायला अडीच आठवडे होते. त्या रात्री मी माझ्या महाडच्या खोलीत मासिक अहवाल भरला. टाकी बंद असल्याचं कारण, या रकान्यात लिहिलं: वापरकर्त्याची चूक. दोन शब्द. लिहून पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. सकाळी अहवाल देऊन टाकला.

उपाय मला माहीत होता, आणि तो माझ्या स्वभावाला अजिबात न मानवणारा होता. काही घालायचं नाही, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडायची, नवी चालू रबडी आणून घालायची, आणि थांबायचं. त्या दुसऱ्या टोळीला कुणी घाई करू शकत नाही. पहिली टोळी तासाभरात दुप्पट होते, हिला दिवस लागतात. तिला गौरी कधी बसतात हे माहीत नाही, आणि माझी नोकरी जाईल याच्याशी देणंघेणं नाही.

रबडी आणायला मी त्याच मावशींकडे धावले. कामं उरकून पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मावशी तुळशीपाशी दिवा लावत होत्या. कॅन पाहून म्हणाल्या, "आता नाही हो देता येणार."

"का?"

"तिन्हीसांजेला विरजण कुणी देतं का?"

"मावशी, हे शेण आहे!"

"तूच सांगितलंस ना विरजण आहे म्हणून? मग? घरातली लक्ष्मी जाते." आणि वर, "सकाळी ये. चहाला ये."

म्हणजे माझा शब्द आता माझ्यावरच दार लावून घेत होता. सकाळी गेले, चहा प्यायले, कॅन भरले. पोलादपूरला पोचले तर आंबेनळी घाटात दरड कोसळलेली, पुढची गाडी रद्द. स्टँडवर मी त्या दोन कॅनभोवती फेऱ्या मारत होते. आतल्या नाजूक टोळीला ऊन लागेल म्हणून कॅनवर ओला पदर टाकला होता, इस्त्रीच्या साडीचा. एक टेम्पोवाला कापड्यापर्यंत सोडतो म्हणाला. विचारलं, "ताई, बाळ आहे का आत?" मी म्हटलं, "तसंच समजा," आणि जीभ चावली. पुन्हा "समजा".

त्यानंतर मी दर दिवसाआड जात होते. काम होतं म्हणून नव्हे. राहवत नव्हतं म्हणून. लिटमस बुडवायचा, बघायचा, पर्समध्ये घालायचा. लाल. लाल. जरा कमी लाल. वहिनी रोज सकाळी बांबूने ढवळायची. एकदा मीच म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी..." ती म्हणाली, "चुना किती टाकू?" विषय संपला.

गणपती आले. मुंबईहून तिचा नवरा आला, दीर आला. दिराने टाकी बघून विचारलं, "वहिनी, ये गॅस फटेगा तो नहीं? आणि शेणाच्या गॅसवरचं जेवण गौरीला चालतं का?"

वहिनी पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "जमीन शेणानं सारवतो, तिच्यावर गौर बसते ती चालते का, भावजी?"

गौरी जेवणाच्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या गाडीने पोचले. चुलीवर एक भांडं चढलेलं होतं, घर धुराने भरलेलं, वहिनीचे डोळे लालबुंद. तात्या ओट्यावर, कुंपणाशी पाच घरं, आणि धोंड्यांचा ढीग पावसात धुऊन स्वच्छ. लिटमस बुडवला. निळा. नुसता निळा राहिला. वहिनीने आगपेटी माझ्याकडून काढून घेतली. चावी सोडली, काडी लावली.

काहीच दिसलं नाही.

शेगडी आम्ही ओटीवर, उजेडात ठेवली होती, सगळ्यांना दिसावं म्हणून. तात्या म्हणाले, "झालं. बाबल्या, घमेलं आण." दीर उठला. वहिनी शेगडीपाशी तशीच बसलेली. मी पुढे वाकले, तेवढ्यात तात्या स्वतः आले आणि "बघू, काय हाय ह्यात," म्हणत शेगडीवर पंजा धरला.

"आयो!" पंजा मागे. मनगटावरचे पांढरे केस करपले होते. "अरे हाय! हाय हाय! पेटलीय की ही!"

मिथेनची ज्योत फिकट निळी असते. दिवसाच्या उजेडात ती दिसतच नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्या घटकेला मी साफ विसरले होते. वहिनीने पटकन तेलाची कढई ठेवली. पहिला वडा तळला तो तात्यांना दिला. त्यांनी करपलेल्या हाताने खाल्ला आणि दिराला म्हणाले, "घमेलं ठेव जाग्यावर." पुढच्या उन्हाळ्यात पाचही घरांत घुमट झाले. धोंडे गडग्याला लागले.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण नोकरी अजून बरीच होती, आणि तो "वापरकर्त्याची चूक" असलेला कागद कुठल्यातरी कपाटात होता.

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी आम्हाला एका शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. एक तरुण प्राध्यापिका, माझ्या भाचीच्या वयाची. तिने फळ्यावर एक झाड काढलं, तीन फांद्यांचं. एका फांदीवर लिहिलं जिवाणू. दुसरीवर आर्किया. तिसरीवर झाडं, बुरशी, प्राणी, आपण. आणि म्हणाली, "गोबरगॅसमध्ये मिथेन करणारे ते या दुसऱ्या फांदीवरचे."

मी हात वर केला. "मॅडम, ते मिथेनवाले जिवाणू ना?"

"ते जिवाणू नाहीतच, ताई."

वर्गात सगळे लिहीत होते. मी लिहिणं थांबवलं.

ती म्हणाली ते थोडक्यात असं. पूर्वी सजीवांची वाटणी करताना पेशीत केंद्रक आहे का हे बघत. केंद्रक नसलेले सगळे बारके जीव एका डब्यात टाकले. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही सारखेच दिसतात, कांडीसारखे, गोळीसारखे. मग कुणीतरी पेशीतलं प्रथिनं बनवायचं यंत्र बारकाईने तपासलं, त्यातली अक्षरं एकमेकांशी ताडून पाहिली, आणि लक्षात आलं की हे दोन वेगळेच आहेत. जिवाणूच्या भिंतीत जे द्रव्य असतं ते आर्कियाच्या भिंतीत नसतं. म्हणून ती भिंत बांधू न देणारं पेनिसिलिन जिवाणूला मारतं, आर्कियाला त्याचं काही नाही. दोघांच्या पेशीवरचा स्निग्ध पापुद्राही वेगळ्या जोडणीचा. मिथेन करून त्यावर जगणं आर्कियालाच जमतं. उकळत्या झऱ्यांत आणि मिठागरांत ते सापडतात, आणि गाईच्या पोटातही. माणसाला रोग देणारा म्हणून त्यांच्यातला कुणी अजून नक्की सापडलेला नाही. आणि सगळ्यात मोठं हे, की जनुकं वाचायची त्यांची रीत जिवाणूंपेक्षा आपल्याशी जास्त जुळते. आता तर बरेच अभ्यासक म्हणतात, आपली फांदी त्यांच्याच फांदीतून फुटली.

म्हणजे एका वाडीत राहतात, दिसतात सारखे, म्हणून आपण त्यांना एका कुळाचे धरून चाललो. आणि कुळाचार विचारला तर त्यांची भावकी निघाली आपल्याशी. (बघा, पुन्हा उपमा दिली. खोड जात नाही.)

मला रात्री झोप लागली नाही. दही लावतात ते जिवाणू. टाकीत आंबट करते ती पहिली टोळी, तेही जिवाणू. ज्योत देणारे मात्र वेगळ्याच फांदीवरचे. माझा शब्द नुसता अपुरा नव्हता, नेमका उलट होता. दह्याला जे मानवतं तेच ज्योतीला मारतं. वहिनीने ताक ओतून काही वेगळं केलं नव्हतं. मी सांगितलेल्या चुकीची ती फक्त शेवटची पायरी चढली होती. परतीच्या गाडीत मी तीनदा सीट बदलली. महाडला उतरलेच नाही, तशीच पुढे कापड्याला गेले.

तात्या वारून काही वर्षं झाली होती. वहिनीचे डोळे निवळले होते. चष्मा होता, पण पाणी नव्हतं. शेगडीवर चहा ठेवत म्हणाली, "अचानक? कुणाची टाकी आंबली?"

मी सगळं सांगितलं. जिवाणू, आर्किया, तीन फांद्या. बोट पाण्यात बुडवून ओट्यावर झाड काढलं. तिने ते नीट पाहिलं.

"म्हंजे ही आंबट करणारी येगळी, नि ज्योत देणारी येगळी?"

"हो. नात्यातलीही नाहीत."

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "दही एका रातीत होतं. हिला मी बारा दिस ढवळत बसलेली. एक जात असंल कशी?"

मी म्हटलं, "वहिनी, ती चूक माझी होती. तात्यांसमोर तू आपल्या अंगावर घेतलीस आणि मी गप्प बसले. तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

तिने चहा गाळला. "बरं झालं नाय बोललीस."

"का?"

"तू चुकली म्हनली असतीस तर मामंजी म्हनले असते, शिकलेलीलाच कळत नाय तर टाकी कशाला? त्याच दिशी धोंडे पडले असते." कप माझ्यापुढे सरकवला. "सून चुकली म्हनल्यावर काय गो? सून तर रोजच चुकते. चार दिस बोलले. खड्डा ऱ्हायला."

मी इतकी वर्षं समजत होते की ती बिचारी माझ्यासाठी बोलणी खाऊन बसली. तिने तर माझ्याआधीच सगळा हिशेब करून ठेवला होता, आणि माझं गप्प बसणंही त्यात धरलं होतं.

"पण मी अहवालातही तुझीच चूक लिहिली," मी म्हटलं. "वापरकर्त्याची चूक. तो कागद ऑफिसात आहे."

हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा बदलला. अंगणातलं बोलणं वेगळं आणि कागद वेगळा, हे न शिकलेल्या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

"कागदावर?"

"हो."

तिने शेगडीची चावी बंद केली. मग म्हणाली, "मामंजी गेले आता. खड्डा कोण बुजवत नाय. आता लिव खरं."

मी महाडला येऊन तो अहवाल शोधला. कपाटं बदलली होती, साहेब बदलले होते, पुराच्या पाण्यात जुनी बाडं भिजून गेली होती. नव्या साहेबांनी विचारलं, "बाई, इतक्या जुन्या टाकीचं आता काय?" मी दर काही महिन्यांनी विचारत राहिले. पुढे संस्थाही बंद झाली. दुरुस्ती लिहायला रकानाच उरला नाही.

संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहा म्हटलं, तेव्हा मला हीच एक जागा सुचली. तर लिहिते.

गाव कापडे. टाकी आंबली. कारण: पर्यवेक्षिकेने चुकीचं समजावलं. दुरुस्ती: वापरकर्तीने केली, बारा दिवस ढवळून.